ती नुसतं ऐकते, उपाय सांगत नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी इंदूरचा, वय ६३. वीज कंपनीत देखभाल-दुरुस्तीच्या कामात उमर गेली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. लोकमान्य नगरात स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे, कर्ज नाही. तरी पाच-सहा महिन्यांपासून कशातच मन लागत नाही. पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग झोप नाही. सकाळ सगळ्यात वाईट जाते, संध्याकाळी जरा माणसात येतो. वजन उतरलं आहे, पँटी ढिल्या झाल्या आहेत. सकाळी फिरून झालं की मित्रांबरोबर पोहे खायचे, हा वर्षानुवर्षांचा नेम होता, तोही सुटला. (दिवाळीनंतर आमच्यातला एक जण गेला, तेव्हापासून तसाही तो कट्टा मोडलाच.)

मुलगी पुण्यात असते. तिने हट्ट धरून तिकडच्या एका काउन्सेलरशी ऑनलाइन भेटी ठरवून दिल्या. फी तीच भरते. दर गुरुवारी संध्याकाळी पाऊण तास. चार भेटी झाल्या. काउन्सेलर बत्तीस-तेहतिशीची असेल. मला काका म्हणते. स्वभावाने चांगली आहे, पण काही सांगतच नाही. मी विचारलं, 'मग आता मी काय करायचं?' तर म्हणे, 'तुम्हाला काय करावंसं वाटतं?' अहो, ते कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? आमच्याकडे तक्रार आली की आधी फॉल्ट शोधायचा आणि मग लाइन चालू करायची. इथे चार गुरुवार गेले. फॉल्टही सापडला नाही आणि लाइनही चालू झाली नाही. विचारलं तर म्हणाली, मी व्यक्तिकेंद्री पद्धतीने काम करते.

त्यात व्हिडिओचा वैताग. मी गप्प बसलो की तिला वाटतं नेटवर्क गेलं, ती गप्प बसली की मला. घर जुनं आहे, दार लावलं तरी आवाज जातो. बायकोच्या कानावर सगळं पडतं. कॉल संपला की दहा मिनिटांत मुलीचा फोन: 'बाबा, काय म्हणाल्या त्या?' मी म्हणतो, ठीक.

मित्रांना यातलं काही माहीत नाही. कळलं तर म्हणतील, याला आता बाणगंगेच्या मनोरुग्णालयात दाखवा. तुम्ही सांगा, हे ऑनलाइन प्रकरण बंद करून इंदुरातच कुणाला भेटू, की हा नादच सोडून देऊ?

– एक निवृत्त वाचक, इंदूर

उत्तर:

नमस्कार,

भेटी बंद करू नका. पण चार गुरुवारी जशा झाल्या तशाच पुढेही चालू देऊ नका. येत्या गुरुवारी पहिल्या पाच मिनिटांत त्या काउन्सेलरना सांगा, की तुम्ही असं असं पत्र लिहिलं आहे, आणि ते त्यांना वाचून दाखवा. तोंडाने बोलणं जड वाटत असेल तर आदल्या दिवशी पाठवून द्या. नेटवर्क, फी, 'काका', फॉल्ट, काही गाळू नका. वाईट वाटेल त्यांना, असं मनात येईल. येऊ द्या. ज्याच्याकडे मदत मागायला गेलो, त्याच्याबद्दलची तक्रार त्यालाच सांगता येणं हा या कामाचाच भाग आहे, आणि ती ऐकून घेणं हे त्यांचं शिक्षण आहे.

मात्र दोन गोष्टी गुरुवारपर्यंत थांबू शकत नाहीत.

पहिली गोष्ट डॉक्टरची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, आणि त्याच्या जोडीने झोप, भूक, वजन बिघडलं असेल, तर डॉक्टर ते नैराश्य आहे का म्हणून तपासतात. तुम्ही पाच-सहा महिने म्हणता. पहाटे लवकर जाग येणं, सकाळ जड जाणं आणि संध्याकाळी जरा सुटं वाटणं, हेही त्यांच्या ओळखीचं आहे. पत्रावरून निदान होत नाही आणि मी ते करतही नाही. शिवाय थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन यांतलं काही बिघडलं तरी माणूस असाच थकलेला, बेचव होतो; काही औषधांनीही होतो. आणि प्रयत्न न करता वजन उतरणं तुमच्या वयात कधीच सोडून देऊ नये. तेव्हा रोजच्या गोळ्यांची यादी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि नंतर एकदा सायकिअ‍ॅट्रिस्टकडे. काउन्सेलर गोळ्या देऊ शकत नाही; ते काम सायकिअ‍ॅट्रिस्टचं. गोळ्या लागतीलच असं नाही. लागल्या तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात, म्हणून चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून सोडायच्या नाहीत, आणि बरं वाटू लागलं म्हणून मनानेच बंदही करायच्या नाहीत.

इंदुरात खासगी डॉक्टर पुष्कळ आहेत, एम. वाय. हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि बाणगंगेचं म्हणाल, तर तिथलं सरकारी मनोरुग्णालय हाही शेवटी दवाखानाच आहे. विनोद करणाऱ्या मित्रांनी एकदा तिथल्या ओपीडीच्या रांगेत उभं राहून पाहावं. ओळखीचं कुणी भेटलं तर नवल नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण ती विचारल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. पहाटे साडेतीनला पडल्या पडल्या 'आपण नसतो तर बरं झालं असतं' असं वाटतं का? स्वतःला संपवण्याचा विचार येतो का? असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतो त्याला बोलायला वाट मिळते. येत असेल तर गुरुवारची वाट पाहू नका. बायकोला उठवा. १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली, मोफत, चोवीस तास चालणारी, हिंदी-मराठीसकट बऱ्याच भाषांतली. जिवाला धोका वाटत असेल तर ११२, नाहीतर सरळ हॉस्पिटल.

इथे ऑनलाइन भेटीची खरी मर्यादा येते. काउन्सेलर पुण्यात, तुम्ही इंदुरात. काही झालं तर त्या तुमच्या दारात येऊ शकत नाहीत. म्हणून जबाबदारीने काम करणारा माणूस पहिल्याच भेटीत तुमचा पूर्ण पत्ता लिहून घेतो, जवळच्या एका माणसाचा नंबर घेतो, तो कुठल्या परिस्थितीत वापरणार ते सांगतो, आणि कॉल तुटला तर कुणी कुणाला परत फोन करायचा हे ठरवून ठेवतो. तुमच्याकडून हे घेतलं होतं का? नसेल तर गुरुवारी तुम्ही होऊन द्या, आणि आधी का घेतलं नाही तेही विचारा.

आता तुमची मुख्य तक्रार.

व्यक्तिकेंद्री पद्धत अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या मानसशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात उभी केली. तोवरचा रिवाज असा, की तज्ज्ञ तपासणार, तज्ज्ञ अर्थ लावणार आणि समोरच्याने तो मानून घ्यायचा. रॉजर्स म्हणाला, कुठे दुखतं आणि कुठल्या दिशेला जायचं हे ज्याचं आयुष्य आहे त्यालाच जास्त माहीत असतं. आपलं काम त्याला ते ऐकू येईल अशी जागा करून देण्याचं. ती जागा कशाने होते, हे त्याने १९५७ साली नेमकेपणाने मांडलं. त्यात मदत करणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा होती. समोरच्याचं जग त्याच्या बाजूने समजून घ्यायचं. त्याला अटी न घालता स्वीकारायचं. आणि तिसरं, स्वतः मुखवटा घालून बसायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. तिसरी मात्र बऱ्याच जणांकडून राहून जाते, आणि मग समोर एक गोड, मान डोलावणारा चेहरा उरतो. तुमचा वैताग त्या चेहऱ्यावर असावा असा माझा अंदाज आहे.

तुमच्यासारख्याला पटेल अशी एक गोष्ट यात आहे. रॉजर्स आणि त्याचे विद्यार्थी परवानगी घेऊन भेटी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायचे आणि पुन्हा पुन्हा ऐकायचे: आपण ऐकून घेतोय असं आपल्याला वाटत होतं, तेव्हा प्रत्यक्षात आपण काय बोललो? म्हणजे 'भावना समजून घेतो' म्हणून हवेत सोडून द्यायचं हे काम नाही. ते तपासता येतं, आणि तुम्हालाही तपासायचा हक्क आहे.

तपासायचं कसं? 'काय करू' असं तुम्ही विचारलंत. त्या प्रश्नात थकवा होता, थोडी भीती होती, आणि मुलीचे पैसे वाया जातायत ही टोचणीही असेल. त्यांनी ते ऐकलं का? 'चार आठवडे झाले आणि हाताला काहीच लागत नाही, म्हणून तुम्ही वैतागला आहात' एवढं जरी त्या म्हणाल्या असत्या, तरी तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. नुसता प्रश्न उलटा फिरवला असेल तर ते अर्धंच काम झालं, पद्धतीचं नाव काहीही असो. आणि कामाच्या माणसाला कामाची भाषा लागते, हे ओळखणंही माणूस केंद्रात ठेवण्यातच येतं. तेव्हा त्यांना स्पष्ट सांगा: 'मला ऐकून घेतलेलं हवं आहे, आणि त्याबरोबर आठवड्याला एखादं काम पण हवं आहे. प्रत्येक भेटीतली शेवटची दहा मिनिटं त्यासाठी ठेवा.' एवढ्याने कुठलीही पद्धत मोडत नाही. 'माझ्या पद्धतीत हे बसत नाही' असं त्या म्हणाल्या, तर त्या तुमच्यापेक्षा पद्धतीला जास्त जपतायत, आणि मग दुसरं कुणी शोधायला हरकत नाही.

काम कसलं असतं तेही सांगते. उदास माणूस म्हणतो, मन लागलं की जाईन. मन लागत नाही आणि जाणं होत नाही. यावर एक जुना, नीट अभ्यासलेला उपाय आहे: क्रम उलटा करायचा. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, झेपेल एवढंच करायचं, मन असो वा नसो, आणि करण्याआधी आणि केल्यावर मन दहापैकी कितीवर होतं ते वहीत लिहायचं. दोन आठवड्यांनी वही पाहिली की कशाने काटा थोडा तरी हलतो ते दिसतं. तुम्ही आयुष्यभर नोंदी ठेवल्या आहेत; तुम्हाला हे जमेल. झोपेचंही तसंच: रोज उठायची वेळ एकच ठेवायची, जाग येऊन बराच वेळ झाला तर पलंगावर तळमळत न राहता उठून खुर्चीत बसायचं, दुपारची झोप आखडायची, संध्याकाळनंतर चहा नाही.

बघा, सल्ला देणं किती सोपं आहे. सल्ल्याच्या सदरातच बसले आहे, त्यामुळे मला कुणी अडवणार नाही. तर याच झपाट्यात मी पुढे म्हणते: रोज सकाळी पूर्वीसारखं फिरायला जा, कट्ट्यावर जा, चार माणसांत बसून पोहे खा. बाहेरच्या कुणालाही हाच पहिला उपाय सुचेल. तुमच्या मुलीने तो सांगितलाही असेल.

आणि तुमच्या पत्रात कंसात एक ओळ आहे. दिवाळीनंतर एक जण गेला.

नेटवर्कला, फीला तुम्ही पूर्ण वाक्यं दिली आहेत. या माणसाला एक कंस. नाव नाही, कितीशा वर्षांची ओळख ते नाही, कशाने गेला ते नाही. दिवाळीनंतर आणि पाच-सहा महिने, हा हिशेब तुम्हीच घालून बघा. मी निष्कर्ष काढत नाही. कदाचित दोन्हींचा काही संबंध नसेल, तुम्हाला नोकरी सुटल्याचंच जास्त लागलं असेल. पण संबंध असेल, तर 'पूर्वीसारखं फिरायला जा' म्हणजे ज्या वाटेवर तो रोज बरोबर असायचा, त्याच वाटेवर रोज सकाळी एकट्याने जा, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही गेला असता, पहिल्याच वळणावरून परत आला असता, आणि वर स्वतःलाच बोल लावला असता, की एवढं साधंसुद्धा जमत नाही.

चांगली काउन्सेलर उपाय सांगायला थांबते ती यासाठी. तिला कंसातलं आधी ऐकायचं असतं. पण आपण कशासाठी थांबलो आहोत, हे तिनेही सांगायला हवं, नाहीतर समोरच्याला ती नुसतीच बसलेली दिसते. आणि कंसातलं कंसाबाहेर काढणं, ते मात्र तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. चार गुरुवारांत हा मित्र एकदा तरी बोलण्यात आला का? मला वाटतं नसावा.

त्याला कारणही आहे. घरचं माणूस गेलं तर तेरा दिवस लोक येतात, दाराशी चपलांचा ढीग असतो, कुणीतरी पिठलं-भात आणून देतं. मित्र गेला तर त्याचं सुतक नसतं. स्मशानातून यायचं, आंघोळ करायची आणि दुसऱ्या दिवशी दूध आणायला जायचं. तुमच्याकडे भेटायला कुणी येत नाही, कारण गेलेलं माणूस त्यांच्या हिशेबी दुसऱ्याच घरचं असतं. त्यातून तुमच्या पिढीच्या पुरुषांनी 'त्याची फार आठवण येते' हे वाक्य एकमेकांना म्हणायची सवय लावून घेतलेली नाही. त्यामुळे कट्टा मोडतो, आणि प्रत्येक जण आपल्या घरात एकटा बसतो. उरलेल्या मित्रांनाही तुमच्यासारखीच झोप येत नसेल. हे मी केवळ धीर द्यायला म्हणत नाही. त्यातल्या एकाला फोन करून पाहा.

'काका'बद्दल. हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण ते क्षुल्लक नाही. आपल्याकडे काका म्हटलं की नातं जुळतं आणि त्या नात्याबरोबर एक खुर्चीही मिळते: वडीलधाऱ्याची. त्या खुर्चीतून पुतणीच्या वयाच्या मुलीला कसं सांगणार, की मला सकाळी उठायची भीती वाटते? काकांनी धीर द्यायचा असतो. काउन्सेलरनी ते आदराने म्हटलं आहे यात शंका नाही, पण तुम्हाला अडत असेल तर 'मला नावाने आणि अहो-जाहो करून हाक मारा' म्हणा. मी या उत्तरात तुम्हाला काका म्हटलेलं नाही. वयाचं म्हणाल तर, तुमचा मित्र गेल्याचं दुःख समजायला त्यांनी साठीचं असायलाच हवं असं नाही. पण साठीत निवृत्त होणं म्हणजे काय हे त्यांना कदाचित तुमच्याकडूनच शिकावं लागेल. शिकवा. आणि बोलताना हिंदी आलं तर येऊ द्या. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेली माणसं राग आला की हिंदीत जातात. पुण्याच्या काउन्सेलरसमोर मराठी सांभाळत बसलात तर राग राहील बाजूला.

आता पडदा. तुमची तांत्रिक तक्रार खरी आहे. व्हिडिओवर आवाज थोडा मागून येतो, त्यामुळे बोलण्याची पाळी चुकते आणि दोघं एकदम बोलायला लागतात. डोळ्यांत बघताही येत नाही: कॅमेऱ्याकडे पाहिलं तर समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, डोळ्यांकडे पाहिलं तर त्याला तुमची नजर खाली गेलेली दिसते. समोरासमोर बसल्यावर गप्प बसणं हा बोलण्याचाच भाग असतो. इथे गप्प बसलं की लगेच 'ऐकू येतंय ना?' असं विचारलं जातं. म्हणून एक खूण ठरवून टाका: मी हात वर केला तर समजा, मी विचार करतोय, नेटवर्क ठीक आहे. त्यांनीही तसंच करावं. स्वतःचा चेहरा दिसणारा चौकोन बंद करा. पाऊण तास आपलंच उतरलेलं तोंड बघत कुणीही मोकळं बोलू शकत नाही. फोन हातात धरू नका, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून दोन-अडीच हात लांब ठेवा, म्हणजे खांदे आणि हात दिसतील. त्यांना तुमच्या तोंडापेक्षा तुमचे हात जास्त सांगतील. हेडफोन लावा, पंखा शक्य तितका मंद ठेवा.

आणि हे करूनही जमत नसेल तर कॅमेरा बंद करून नुसतं फोनवर बोलून पाहा. काही माणसं, विशेषतः पुरुष, तोंड बघायचं नसलं की जास्त खरं बोलतात. काउन्सेलरला चेहरा दिसणार नाही, तेवढं त्यांचं नुकसान. ते त्यांच्याशी बोलून ठरवा. ऑनलाइनमुळे गुण कमी येतो का, ही शंका असेल तर: नैराश्य आणि चिंतेसाठी व्हिडिओवरच्या थेरपीचा परिणाम समोरासमोरच्या थेरपीच्या आसपास येतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. भ्रम होत असतील, दारू एकदम सोडायची असेल, घरात मारहाण असेल, जिवाचा धोका असेल, तिथे मात्र पडद्यावर विसंबू नये. तुमचं सध्या तसं दिसत नाही, वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर.

जागेचा प्रश्न जास्त बिकट आहे. दार लावून उपयोग नाही म्हणता. हेडफोनमुळे त्यांचा आवाज बाहेर जाणार नाही, तुमचा जाईलच. दारापासून लांबच्या कोपऱ्यात बसा, बाहेरच्या खोलीत रेडिओ किंवा टीव्ही लावून ठेवा. किंवा बायको भजनाला, भाजीला, मैत्रिणीकडे जाते ती वेळ काउन्सेलरकडून मागून घ्या. गुरुवार संध्याकाळ काही दगडावर कोरलेली नाही. गाडी असेल तर झाडाखाली उभी करून तीत बसून बोलणारेही पुष्कळ असतात. फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. बागेत बाकावर नको. इंदुरात बाकावर बसलेल्या माणसाजवळ पाच मिनिटांत कुणीतरी 'और, कैसे हो' म्हणत येतंच.

पण बायकोच्या कानावर जातं, याला एवढं घाबरायचं कारण काय, हा प्रश्न मी तुमच्याकडे ठेवते. नवरा साडेतीनला उठून बसतो, पँटी ढिल्या झाल्या, पोहे सुटले. हे तिला दाराआडून ऐकून कळणार आहे का? ती अजून तुमच्याशी त्यावर बोललेली नाही, एवढंच. 'गुरुवारी पाऊण तास मी बोलणार आहे, तू आत येऊ नकोस, बरं झालं की सांगेन' हे तिला सरळ सांगता येईल.

मुलीचं काय करायचं ते स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि फी कुणीही भरली तरी काउन्सेलरने तुमच्या संमतीशिवाय आतलं बाहेर सांगायचं नसतं. अपवाद मोजके: जिवाचा धोका, कोर्टाचा आदेश, असे. काउन्सेलर तुमच्या मुलीशी परस्पर बोलतात का, हे त्यांना थेट विचारून घ्या. उत्तर 'नाही' असंच यायला हवं. मुलीला सांगा: 'तू वाट काढून दिलीस, फार मोठं काम केलंस. आत काय झालं ते विचारू नकोस. मला सांगावंसं वाटेल तेव्हा मीच फोन करीन.' आणि पेन्शनमधून झेपत असेल तर फी स्वतः भरायला लागा. मुलीच्या पैशाने घेतलेल्या वेळेत बापाला आपला वेळ वाया घालवता येत नाही, रडता येत नाही, गप्प बसता येत नाही. सारखा हिशेब चालू राहतो.

इंदुरात कुणी भेटेल का? भेटेल. समोरासमोर बसायचं असेल तर ती काही वाईट निवड नाही. मात्र पाटीवरच्या 'काउन्सेलर' या शब्दावर जाऊ नका, तो कुणीही लावतो. शिक्षण काय, कुठल्या अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम केलं, तुमच्या वयाच्या लोकांबरोबर काम केलं आहे का, रात्री-अपरात्री बिघडलं तर काय करायचं, हे पहिल्या फोनवरच विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी असते. तो नंबर मागितलात तर चांगला माणूस रागावत नाही. हेच प्रश्न सध्याच्या काउन्सेलरनाही विचारा, चार भेटींनंतर विचारले तरी चालतात.

पत्र वाचून दाखवल्यावर आणखी दोन-तीन भेटी द्या. नातं जुळतंय की नाही याचा अंदाज सुरुवातीच्या काही भेटींतच येतो, आणि त्यात काउन्सेलरच्या मतापेक्षा तुमचं मत जास्त खरं ठरतं. त्या सावरून बसल्या, बचाव करत राहिल्या, किंवा 'छान, असंच मोकळं बोलत राहा' म्हणून विषय बदलला, तर बदला. त्यांनी वही काढली आणि 'त्या कंसातल्या मित्राबद्दल सांगा' म्हणाल्या, तर राहा.

फॅमिली डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच घ्या. जाताना बायकोला बरोबर न्या. झोपेचं आणि जेवणाचं डॉक्टरांना ती तुमच्यापेक्षा नीट सांगेल. साखरेची एक तपासणी उपाशीपोटी करतात, तेव्हा सकाळचा चहा घेण्याआधी लॅबला फोन करून विचारून घ्या.